त्या सभ्य कौन्सिलाची दंतकथा

विधिमंडळाचे अधिवेशन संपले की एक लेख हमखास छापून येतो. छापून नाही आला, तर एखाद्या व्याख्यानमालेच्या अध्यक्षीय भाषणातून तरी तो ऐकावा लागतोच. सभागृहात गोंधळ झाला, कागद भिरकावले गेले, विरोधक सभात्याग करून पायऱ्यांवर बसले, मागे उरलेल्यांनी विधेयके चर्चेविना उरकली, हे सांगून झाले की लेखक उसासा टाकतो आणि सव्वाशे वर्षे मागे जातो. काय ते इंग्रजी अमदानीतले कायदे कौन्सिल! काय ती गोखल्यांची अंदाजपत्रकावरची भाषणे, काय तो फिरोजशहांचा युक्तिवाद, काय ती एकमेकांबद्दलची अदब! कायदा करावा तर असा, अभ्यासाने आणि आवाज न चढवता. इंग्रजांनी ही रीत शिकवली आणि आपण ती धुळीला मिळवली.

हे सगळेच खोटे असते तर उत्तर द्यायचे कारण नव्हते. गोखल्यांची भाषणे आजही वाचावीत अशीच आहेत. आजच्या सभागृहांबद्दलची चीडही खरी आहे. खोटा आहे तो या दोहोंना जोडणारा दुवा. ती भाषणे कौन्सिलाने घडवली नाहीत. ती कौन्सिलाच्या रचनेला टक्कर देत झाली, आणि मतदानात जवळजवळ दर वेळी हरली. ज्या शांततेचे गोडवे गायले जातात ती मोजणी आधीच उरकलेली असल्याची शांतता होती.

कौन्सिलाची गोष्ट बहुतेक जण १८६१ पासून सांगतात. मी आठ वर्षे मागे जातो, कारण खरी मेख तिथे आहे. १८५३ च्या चार्टर कायद्याने गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदे करण्यापुरते वेगळे सभासद घेतले. एकूण बारा जण आणि सगळे इंग्रज: कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, प्रांतोप्रांतीचे मुलकी अधिकारी. कामकाजाचे नियम ठरले, बैठका खुल्या झाल्या, वृत्तान्त छापला जाऊ लागला. एवढे झाल्यावर या मंडळींनी सरकारला प्रश्न विचारायला आणि कागदपत्रे मागायला सुरुवात केली. लंडनमध्ये भारतमंत्री चार्ल्स वुड यांना ते मुळीच खपले नाही. कायदे लिहून देणारी समिती हवी होती, तिचे छोटे पार्लमेंट झाले, ही त्यांची तक्रार. १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टमागे इतरही कारणे होती. १८५७ च्या उठावानंतर हिंदी लोकांच्या मनात काय चालले आहे ते कळेनासे झाल्याची भीती त्यांत मोठी होती. पण त्या कायद्यातली कामकाजाची कलमे वाचली की वुडसाहेबांचा हात ओळखू येतो. कौन्सिलापुढे आलेल्या विधेयकाखेरीज दुसऱ्या कशावरही बोलायचे नाही. प्रश्न नाही, ठराव नाही, अंदाजपत्रक नाही. सरकारी कर्ज, महसूल, धर्म, लष्कर, परराष्ट्र यांना स्पर्श करणारे विधेयक आणायचे तर गव्हर्नर जनरलची आगाऊ परवानगी. मंजूर झालेला कायदाही राणीच्या सरकारला रद्द करता येणार. आणि एवढ्यावरही अडचण आलीच तर कौन्सिलाला न विचारता सहा महिने चालणारा वटहुकूम काढायची मुभा.

म्हणजे स्वतःच्याच जातीच्या, स्वतःच्याच नोकरीतल्या बारा इंग्रजांनी प्रश्न विचारलेले ज्यांना सोसले नाही, त्यांनी आपल्याला प्रश्न विचारायची परंपरा दिली, असे आपण मानायचे!

या नव्या कौन्सिलात १८६२ साली जे पहिले तीन हिंदी सभासद आले ते होते पतियाळाचे महाराज, काशीचे राजा देव नारायण सिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे. दिनकररावांच्या कारभारी बुद्धीबद्दल दुमत नाही. पण त्यांना तिथे बसवले ते १८५७ मध्ये ग्वाल्हेर दरबार इंग्रजांच्या बाजूने सांभाळल्याबद्दल, कुणाचे प्रतिनिधी म्हणून नव्हे. पुढच्या तीस वर्षांत गव्हर्नर जनरलच्या या वरिष्ठ कौन्सिलावर नेमले गेलेले हिंदी सभासद उणेपुरे ४५. त्यांत संस्थानिक आणि जमीनदारांचा भरणा. मुंबईच्या कौन्सिलात जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखा माणूस पहिल्यापासून होता हे खरे, पण तोही गव्हर्नराच्या मर्जीने.

आता ‘अभ्यासाने केलेले कायदे’ पाहू.

१४ मार्च १८७८. लॉर्ड लिटनच्या कौन्सिलापुढे देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांना लगाम घालणारे विधेयक आले. नेहमीचे नियम बाजूला ठेवून ते एकाच बैठकीत मांडले गेले, चर्चिले गेले आणि मंजूर झाले. आधी मसुदा प्रसिद्ध करणे नाही, सिलेक्ट कमिटी नाही. ज्या संपादकांच्या मानेवर हा कायदा बसायचा होता त्यांना तो झाल्यावरच कळला. कलकत्त्याच्या ‘अमृत बाझार पत्रिके’ने बंगाली सोडून रातोरात इंग्रजीत निघायला सुरुवात केली, कारण इंग्रजी पत्रांना कायदा लागू नव्हता. सभागृहात त्या दिवशी कोणी आवाज चढवल्याची नोंद नाही. सगळे अगदी अदबीने झाले.

८ जून १९०८. या वेळी सिमला. खुदिराम बोस यांच्या मुझफ्फरपूरच्या बाँबला सव्वा महिना झाला होता. स्फोटक द्रव्यांचा कायदा आणि वर्तमानपत्रांच्या चिथावणीचा कायदा, दोन्ही एकाच दिवशी, एकाच बैठकीत मंजूर. दुसऱ्याने मॅजिस्ट्रेटला छापखाना जप्त करायचा अधिकार दिला. दुसऱ्याच दिवशी, ९ जूनला, ‘केसरी’त ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा अग्रलेख आला. त्याच महिन्याच्या २४ तारखेला टिळकांना अटक झाली आणि जुलैत सहा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली ती ज्या लेखांवरून, त्यांत हा एक होता. कौन्सिलात एका दिवसात झालेल्या कायद्याची खरी चिकित्सा पुण्याच्या एका मराठी पत्रात झाली आणि तिची किंमत मंडालेत मोजली गेली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला फौजदारी कायद्याची आणखी एक दुरुस्ती पुन्हा एकाच बैठकीत झाली. आदल्या वर्षी १ नोव्हेंबरला सिमल्यातच सभाबंदीचा कायदा झाला, तेव्हा गोखले आणि रासबिहारी घोष डोंगर चढून गेले होते आणि विरोधात बोलले होते. कायदा अर्थातच झाला. सिमल्याच्या बैठकांचा सरकारला एक फायदा होता: बिनसरकारी सभासदांपैकी फार थोड्यांना तिथवर पोचणे जमे.

आपल्याकडे आज एखादे विधेयक पंधरा मिनिटांत मंजूर झाले की ‘संसदीय परंपरेचा ऱ्हास’ असा मथळा येतो. ऱ्हास कसला, ही तर परंपराच.

इथे उसासेवाले दुसरा मुद्दा पुढे करतात, आणि तो जरा वजनदार आहे. चर्चा असो-नसो, कायदे तर उत्तम झाले ना? भारतीय दंडसंहिता, पुराव्याचा कायदा, कराराचा कायदा. दीडशे वर्षे टिकले. मान्य. मसुदा कसा लिहावा याचे ते नमुने आहेत. पण त्याचे श्रेय कौन्सिलातल्या चर्चेला द्यायचे असेल तर दंडसंहितेचा इतिहास आड येतो. मेकॉलेच्या आयोगाने तिचा मसुदा १८३७ मध्ये पुरा केला. तो तेवीस वर्षे पडून राहिला आणि १८६० मध्ये मंजूर झाला तो ज्या कौन्सिलात एकही हिंदी माणूस नव्हता तिथे. उत्तम मसुदा आणि लोकांच्या संमतीचा कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच दंडसंहितेवरून सिद्ध होते.

शिवाय त्याच सुबक लेखणीतून दुसरेही कायदे उतरले. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन कायदेमंत्री असताना १८७० मध्ये राजद्रोहाचे १२४ अ कलम दंडसंहितेत आले. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. त्याची भाषाही नेटकी आहे, कलमेही क्रमवार आहेत. फक्त त्याने माणसाला जन्मावरून गुन्हेगार ठरवले. आधी उत्तर हिंदुस्थानात आणि पुढे १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाख्यातही तो पसरला. पारधी, कैकाडी, भामटे यांच्या हजेऱ्या, सोलापूरच्या सेटलमेंटची तारेची कुंपणे ही त्या नेटक्या कलमांची फळे. तो कायदा सुटायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षे. ज्यांच्यावर तो लादला गेला त्यांच्यापैकी एकाचेही म्हणणे कौन्सिलाने ऐकले नव्हते. कुणाला ते ऐकावेसेही वाटले नव्हते.

कापडाचेही तसेच. १८९४ मध्ये सरकारची तिजोरी रिकामी झाली म्हणून आयात कापडावर जकात बसवावी लागली, तर लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या दडपणाने इथल्या मालावरही अबकारी बसवण्यात आली. १८९६ मध्ये तिचे रूप असे ठरले की हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के. मुंबईच्या गिरणगावाने हा भार जवळजवळ तीस वर्षे वाहिला. कौन्सिलातल्या सरकारी सभासदांनी यावर मत कसे द्यायचे ते लंडनहून आलेल्या हुकमाने ठरले होते. त्यांच्यातल्या काहींना तो कर पटलेला नव्हता, तरीही. सरकारी सभासद म्हणजे हात वर करायला बसवलेला माणूस. ते हात मोजून झाल्यावरच अदबीची भाषणे सुरू होत.

आणि ती अदब तरी कुणी ठरवायची? फिरोजशहा मेहता वरिष्ठ कौन्सिलात आले तेव्हा १८९५ मध्ये पोलिस विधेयकावर बोलले. एखाद्या भागात दंगा झाला तर जादा पोलिसांचा खर्च मॅजिस्ट्रेटने ठरवलेल्या लोकांवर, चौकशीविना लादायचा, अशी तरतूद होती. मेहतांनी ती वकिली पद्धतीने, मुद्द्याला मुद्दा लावून फोडली. कुठेही शिवी नाही, आरडाओरडा नाही. अर्थमंत्री सर जेम्स वेस्टलँड संतापले. या सभागृहात एक नवी वृत्ती शिरली आहे, नोकरशाहीवर अविश्वास दाखवला जातो आहे, अशा आशयाची तक्रार त्यांनी सभागृहातच केली. सरकारी अधिकारी चुकू शकतो असे म्हणणे हाच तिथे असभ्यपणा होता. हे एकदा समजले की ‘त्या काळची शिस्त’ या शब्दांचा भाव उतरतो.

गोऱ्यांची स्वतःची शिस्त पाहायची असेल तर १८८३ पाहा. हिंदी न्यायाधीशांना मोफसलात युरोपियन आरोपींचे खटले चालवता यावेत म्हणून कायदेमंत्री इल्बर्ट यांनी विधेयक आणले. कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये गोऱ्यांची सभा भरली, तिथे हिंदी लोकांबद्दल जे बोलले गेले ते इथे छापण्याजोगे नाही. व्हाइसरॉय रिपन यांच्यावर गोऱ्या समाजाने बहिष्कार घातला. शेवटी तडजोड झाली: खटला हिंदी न्यायाधीशापुढे चालेल, पण आरोपी मागेल तर निम्मे पंच युरोपियन किंवा अमेरिकन. कौन्सिलातल्या बहुमताला बाहेरच्या गोंगाटाने नमवता येते, हा धडा हिंदी राजकारण्यांना कुणी दिला असेल तर तो चहामळेवाल्यांनी आणि निळीच्या मालकांनी.

आता सभात्याग. सभात्याग ही म्हणे आमच्या काळाने आणलेली घाण. १९०१ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदे कौन्सिलाची बैठक पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरली होती. जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक सरकारतर्फे मुइर-मॅकेन्झी यांनी आणले होते. १८९९-१९०० च्या दुष्काळाने दख्खन आणि गुजरात मोडून पडले होते, साऱ्याची थकबाकी साचली होती. सारा थकला म्हणून सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकायचा, गहाण टाकायचा हक्क न देता, सरकारच्या अटीवर द्यायची, अशी या विधेयकाची मुख्य तरतूद. सरकारचे म्हणणे असे की आम्ही कुणब्याला सावकाराच्या तावडीतून सोडवतो आहोत. विरोधकांचे म्हणणे असे की दुष्काळात सारा न भरू शकलेला खातेदार एका फटक्यात सरकारचा कूळ होईल, जमिनीची पत जाईल, आणि अडीनडीला त्याला कर्जही मिळणार नाही.

कोण बरोबर होते? मला वाटते, प्रश्न उघडा होता. सावकाराचे हितसंबंध विरोधकांच्या मागे उभे होते, हा आरोप अगदीच निराधार नव्हता. १८७५ च्या सुप्याच्या दंग्यांत कुणब्यांनी खतपत्रे जाळली होती ती काही उगीच नाही. आणि या कायद्याची पुढची कहाणी तर आणखी गमतीची आहे. त्यातून आलेले ७३ अ कलम पुढे ‘नवीन शर्त’ म्हणून महसुली दप्तरात स्थिरावले. स्वातंत्र्यानंतर भूमिहीनांना, वतने खालसा झाल्यावर महार वतनदारांना ज्या जमिनी मिळाल्या त्या याच जातीच्या अटीवर, त्या पुन्हा सावकार-दलालाच्या घशात जाऊ नयेत म्हणून. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असलेली जमीन विकायला निघालेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आणि नजराणा म्हणजे काय ते विचारा. फिरोजशहांना जे हत्यार कुणब्याच्या गळ्यावर दिसले, तेच पुढच्या सरकारांनी गरिबाच्या रक्षणाला वापरले. आणि त्याच परवानगीच्या नावाने त्याला कचेऱ्यांचे उंबरेही झिजवायला लावले.

पण त्या दिवशी पुण्यात विरोधकांनी मागितले होते ते एवढेच, की विधेयक पुढे ढकला, लोकांची आणि संस्थांची मते मागवा, मग निर्णय करा. गावोगावी विरोधाच्या सभा झाल्या होत्या, अर्ज आले होते. कायदा खरोखर कुणब्याच्या भल्याचा होता तर काही महिने थांबून त्याला ते समजावून सांगायला काय हरकत होती? सरकारी आणि सरकारनियुक्त मतांच्या जोरावर मेहतांची सूचना फेटाळली गेली. तेव्हा फिरोजशहा मेहता उठले आणि बाहेर पडले. त्यांच्यामागून सर भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, गोकुळदास पारेख, दाजी आबाजी खरे आणि गोपाळ कृष्ण गोखले. होय, तेच गोखले. अनादर करायचा हेतू नाही, पण या मंजुरीत नावापुरताही भाग घ्यायचा नाही, अशी त्यांची भूमिका होती. अँग्लो-इंडियन पत्रांनी या वागण्याला असभ्य ठरवले. विधेयक त्यांच्यामागे मंजूर झाले आणि १९०१ चा मुंबईचा सहावा कायदा म्हणून पुस्तकात दाखल झाले.

तेव्हा सभात्यागावर टीका जरूर करा, पण त्याचा उगम शोधताना आजच्या आमदारांपाशी थांबू नका. आपल्या इलाख्यातल्या सर्वांत मवाळ, सर्वांत अभ्यासू, सर्वांत इंग्रजीप्रेमी माणसांनी तो केला, कारण त्या सभागृहात बसून राहण्याला काही अर्थ उरला नव्हता.

‘अभ्यासू भाषणांचा प्रभाव पडत असे’ हे म्हणणे तपासायला १९१२ पुरेसे आहे. गोखल्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक किती माफक होते ते वाचले की आज हसू येईल. सक्ती देशभर नाहीच. ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला हवी असेल तिने सरकारची परवानगी घेऊन करायची. तीही सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती, आणि जिथे आधीच ठरावीक प्रमाणात मुले शाळेत जातात तिथेच. १९१० मध्ये ठराव, १९११ च्या मार्चमध्ये विधेयक, वर्षभर देशभरातून मते मागवून झाली आणि १९१२ च्या मार्चमध्ये दोन दिवस चर्चा. मागणी काय, तर विधेयक सिलेक्ट कमिटीकडे पाठवा. बाजूने १३, विरुद्ध ३८. त्या अडतीसांत गोरे अधिकारी होते, तसे काही हिंदी सभासदही होते, हे लपवायचे कारण नाही. हरणार हे गोखल्यांना माहीत होते आणि ते त्यांनी उभे राहून सांगितलेही.

सात वर्षांनी रौलट. १९१९ च्या फेब्रुवारीत गृहमंत्री सर विल्यम व्हिन्सेंट यांनी विधेयके मांडली. श्रीनिवास शास्त्रींचे त्यावरचे भाषण त्या कौन्सिलाच्या इतिहासातल्या सर्वोत्तम भाषणांपैकी मानले जाते. ते ऐकायला गांधीजी प्रेक्षकांत बसले होते; कायदेमंडळाचे कामकाज आपण आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी पाहिले, असे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. व्हाइसरॉय चेम्सफर्ड तल्लीन होऊन ऐकत होते आणि गांधीजींना क्षणभर वाटले की माणसावर परिणाम होतो आहे. १८ मार्चला मतदान झाले: ३५ विरुद्ध २०. लोकनियुक्त हिंदी सभासदांपैकी एकही सरकारच्या बाजूला नव्हता. जिना, मालवीय, मझहरुल हक यांनी राजीनामे दिले. पुढचा महिना एप्रिल १९१९ चा, आणि त्यात अमृतसरला काय झाले ते शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. सभ्य भाषणाची ताकद किती, हे त्या एका बैठकीत मोजून झाले.

‘मग गोखले तिथे गेलेच कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि दुसऱ्या बाजूने ‘कौन्सिलात गेलेले सगळे सरकारचे होयबा’ असेही ऐकू येते. दोन्ही चूक. १८९२ च्या कायद्याने अंदाजपत्रकावर बोलायची मुभा मिळाली (मत द्यायची नाही) आणि आगाऊ सूचना देऊन प्रश्न विचारायची (उपप्रश्न नाही). १८९५ मध्ये टिळकही मुंबई कौन्सिलावर निवडून गेले होते, हे टिळकभक्त विसरतात. कौन्सिलात बोललेले शब्द सरकारी खर्चाने छापले जात आणि वर्तमानपत्रांना ते उद्धृत करताना धोका कमी असे. गोखले वर्षातून एकदा, मार्चअखेर, ठरून गेलेल्या अंदाजपत्रकावर बोलत. ते भाषण वेस्टलँडच्या वारसांसाठी नसे, ते पुण्यामुंबईच्या वाचनालयांसाठी असे. मिठावरचा कर १९०३ ते १९०७ या काळात मणामागे अडीच रुपयांवरून टप्प्याटप्प्याने एक रुपयावर आला, त्यात या सततच्या माऱ्याचा वाटा नाकारता येणार नाही.

पण हा मारा करायला गोखले शिकले कुठे? कौन्सिलात तर नक्कीच नाही. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात, रानड्यांच्या देखरेखीखाली लेख पुन्हा पुन्हा लिहून, आणि गणेश व्यंकटेश जोशी या शाळामास्तराने सरकारी अहवालांतून उकरून काढलेल्या आकड्यांवर. कलकत्त्याच्या सरकारी वाड्यात जे ऐकू आले ते पुण्यात तयार झालेले होते. या तयारीबद्दल आजच्या आमदाराला जाब विचारा, मी तुमच्या बाजूला आहे. त्याचे प्रमाणपत्र इंग्रजांना देऊ नका.

१९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतिक कौन्सिलांत लोकनियुक्तांचे बहुमत झाले, तेव्हा थोडी जिवंत कामे झाली आणि तेव्हाच सभागृहे गोंगाटीही झाली. हा योगायोग नाही. गोखल्यांचे हरलेले विधेयक वेगळ्या रूपात विठ्ठलभाई पटेलांनी मुंबईत १९१८ मध्येच करून घेतले होते. गिरणीकामगार बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक असवले यांनी आणले, डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये त्याची बाजू लढवली आणि पुढच्या वर्षी तो कायदा झाला. पण मर्यादाही तिथेच दिसल्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. ठराव म्हणजे शिफारस, सरकारने परिपत्रक काढले आणि हात झटकले. चवदार तळ्याचे पाणी प्यायला १९२७ चा मार्च आणि हजारो माणसे लागली, आणि पाणी प्यायल्याबद्दल डोकीही फुटली. आंबेडकरांनी १९२८ मध्ये महारांना वतनाच्या जोखडातून सोडवणारे विधेयक आणले. ते कौन्सिलात असे अडकले की १९२९ मध्ये त्यांना मागे घ्यावे लागले. त्या अडकण्यात इंग्रज अधिकाऱ्यांइतकाच आपल्या लोकांचा हात होता. सभ्य कौन्सिलाच्या आठवणी काढणाऱ्यांच्या लेखात हे विधेयक कधी येत नाही.

दिल्लीत तर बहुमत मिळूनही उपयोग नव्हता. १९२३ मध्ये मिठावरचा कर सव्वा रुपयावरून अडीच रुपये करायला असेंब्लीने नकार दिला. व्हाइसरॉय रीडिंग यांनी सहीच्या जोरावर तो लावला. १९२८ मध्ये सार्वजनिक सुरक्षेचे विधेयक मते समसमान पडल्यावर अध्यक्ष विठ्ठलभाई पटेलांच्या निर्णायक मताने पडले. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले, विठ्ठलभाईंनी ते नियमबाह्य ठरवले, आणि व्हाइसरॉयने लगेच तेच वटहुकूम म्हणून काढले. ४ जानेवारी १९३२ ला, गांधीजींना पकडले त्याच दिवशी, एकदम चार वटहुकूम निघाले. त्यांतल्या बऱ्याच तरतुदी वर्ष संपायच्या आत असेंब्लीपुढे आणून कायद्यात बसवल्या गेल्या. आधी वटहुकूम, मग सभागृह.

कौन्सिलाचा खरा वारसा शोधायचा तो इथे. वटहुकमाचा अधिकार १८६१ च्या कायद्यातून १९३५ च्या कायद्यात आणि तिथून राज्यघटनेच्या १२३ आणि २१३ या कलमांत आला. नाव बदलून अध्यादेश झाले आणि सभागृह पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांची मुदत आली, एवढा फरक. अधिवेशन दोन आठवड्यांवर असताना अध्यादेश निघतो, मग विधेयक येते, सिलेक्ट कमिटीची मागणी फेटाळली जाते, आवाजी मतदान होते. गदारोळ विरोधी बाकांवरून येतो म्हणून छायाचित्र तिथले छापले जाते, आणि उसाशाचा लेखही तेच छायाचित्र समोर ठेवून लिहिला जातो. समोरच्या बाकांवर त्या वेळी कमालीची शांतता असते. पुढचा लेख त्या शांततेवर लिहावा, आणि तुलनेला गोखल्यांचे भाषण न घेता ८ जून १९०८ च्या सिमल्याच्या बैठकीचा छापील वृत्तान्त घ्यावा.